अपघातांचे अहवालही अभ्यासक्रमात हवेत

सॉफ्टवेअर आर्किटेक्चर, म्हणजे आज्ञावलीच्या एकूण रचनेचे शास्त्र, पदव्युत्तर वर्गात शिकवण्याची गरज नाही, ते नोकरीत आपोआप येते, हे आपल्या अंकातील लेखाचे मत पटले नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन-५ रॉकेट मुख्य इंजिन पेटल्यानंतर सुमारे ३७ सेकंदांनी भरकटले आणि नष्ट झाले. दिशादर्शनाची आज्ञावली आधीच्या एरियन-४ रॉकेटमधून घेतलेली होती. नव्या रॉकेटचा वेग जास्त असल्याने ६४ बिटांची (संगणकातल्या ६४ अंकस्थानांची) संख्या १६ बिटांत मावली नाही आणि दिशादर्शनाचा संगणक बंद पडला. राखीव संगणकातही तीच आज्ञावली, त्यामुळे तोही त्याच कारणाने बंद पडला. हे निर्णय अनुभवी अभियंत्यांचेच होते! कामाच्या घाईत अशी चिकित्सा होत नाही. तिला वर्गातली सवड लागते. चौकशी अहवाल सर्वांना खुला आहे. एम.टेक.च्या विद्यार्थ्यांकडून तो ओळीओळीने वाचून घ्यावा.

– एक निवृत्त प्राध्यापिका, सांगली