नराराला जायचे तर तिथी बघून जा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दिवाळी सरली की आपल्याकडच्या द्वारका-सोमनाथच्या सहली सुरू होतात. हल्ली त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत ‘नरारा – दीड तास’ अशी ओळही दिसते. जामनगरहून द्वारकेला जाताना वाडीनारजवळचा हा किनारा म्हणजे १९८२ मध्ये झालेल्या, देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिथे जाऊन आलो. जाऊन काय केले, तेच सांगायला हे पत्र.

इथे प्रवाळ बघायला बोट लागत नाही, पोहायलाही यावे लागत नाही. ओहोटीला कच्छच्या आखाताचे पाणी दूरवर मागे सरते आणि आपण समुद्राच्या तळावरून चालू लागतो. आधी तिवरांची झुडपे, चिखलातून वर आलेली त्यांची पेन्सिलीसारखी श्वासमुळे. पुढे खडकांतल्या घोटाभर पाण्यात समुद्रफुले, तारामासे, समुद्रकाकड्या, दगडाखाली रंग बदलणारा एखादा ऑक्टोपस. जो खडबडीत धोंडा वाटतो तोच पुष्कळदा जिवंत प्रवाळ असतो. म्हणजे पाय कुठे ठेवायचा, हा इथला मुख्य प्रश्न.

आमची बस जेवणात रेंगाळली. पोहोचलो तेव्हा ओहोटी संपत आली होती. तासाभरात पाणी परतू लागले आणि चाळीस माणसे मिळेल त्या दगडावर पाय देत माघारी धावली. खाली बघायला कुणाला सवड होती? त्याआधी एका डबक्यात केंड, म्हणजे डिवचला की फुग्यासारखा फुगणारा मासा, दिसला होता. वाटाड्याने दोनदा ‘नको’ म्हटले, पण फुगलेला केंड फोटोत हवा म्हणून आमच्यातल्या एकाने तो ओंजळीत उचललाच. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. पाण्याबाहेर फुगताना हा मासा हवा गिळतो आणि मग ती बाहेर टाकणे त्याला जड जाते, हे मी घरी आल्यावर वाचले. मालवणात जन्म काढून!

तेव्हा सहली काढणाऱ्यांना विनंती, की आधी तिथी बघा आणि मग देवळांचे दिवस ठरवा. देऊळ रोज उघडते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी खूप मागे जाते, अष्टमीच्या सुमारास भांगाच्या दिवसांत तेवढे जात नाही. शिवाय ओहोटीची वेळ रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते. कोकणातल्या कोणत्याही गाबीत मच्छीमाराला हे पाठ असते, पण सहलीचे वेळापत्रक चार महिने आधी छापणाऱ्याला त्याची खबर नसते. ओळखपत्र, परवाना, जाड तळव्याचे बूट या गोष्टी लोक सांभाळतात. बस भरून माणसे एकदम खडकावर उतरवू नयेत, दहा-बारांचे गट करावेत, एवढेही जमण्यासारखे आहे.

आम्ही मालवणवाल्यांनी फार शहाणपण शिकवू नये, हेही कबूल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि तिथल्या प्रवाळावर नांगर पडताना आम्ही धक्क्यावरून बघत आलो आहोत.

येत्या माघात आमच्या आळीतली मंडळी द्वारकेला निघाली आहेत. पौर्णिमेचा दिवस मी नराराला धरायला लावला आहे. केंड दिसला तर वाकून बघायचा, हात मागे बांधून.

आपला नम्र,
एक वाचक, मालवण