धनंजय मानेंच्या पलीकडचे अशोक सराफ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अशोक सराफ यांना २०२३ सालचा महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला आणि पुढे २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आपल्यासह बहुतेक मराठी वृत्तपत्रांनी त्यांच्यावर भरभरून लिहिले. त्याचा आनंद आहेच. परंतु जवळजवळ प्रत्येक लेखाची गाडी 'अशी ही बनवाबनवी'मधले धनंजय माने आणि 'धुमधडाका'मध्ये पाईप ओढताना लागणारा तो ठसका या दोनच स्थानकांवर थांबली, फार तर ४ जूनच्या वाढदिवसाला एखादा 'गमतीदार किस्सा' जोडला गेला. पन्नासहून अधिक वर्षे रंगभूमीवर आणि पडद्यावर वावरलेल्या नटाच्या आवडत्या भूमिका कोणत्या, या प्रश्नाचे इतके आखूड उत्तर मला पटत नाही, म्हणून हे पत्र.

प्रारंभ मानेंपासूनच करतो, कारण ती भूमिका मलाही अतिशय प्रिय आहे. मात्र ती विनोदी म्हणून आवडते असे म्हणताना मी अडखळतो. वसंत सबनीसांनी लिहिलेला आणि सचिन यांनी दिग्दर्शित केलेला हा १९८८ चा चित्रपट बारकाईने पाहिला, तर धनंजय माने स्वतः हसवण्यासाठी जवळपास काहीच करत नाहीत, हे ध्यानात येते. साडी नेसलेला लक्ष्मीकांत बेर्डे यांचा परशा पडदा डोक्यावर घेतो आणि माने मात्र पुण्यात डोक्यावर छप्पर टिकवायचे कसे, या एकाच विवंचनेत असतात. बायकोच्या वेशातल्या मित्राकडे ते ज्या नजरेने पाहतात, तीत थट्टा नसते. भाड्याचे घर मिळावे म्हणून घेतलेले हे सोंग उघडे पडले तर चौघा मित्रांना रस्त्यावर यावे लागेल, अशी खरीखुरी धास्ती असते. सुधीर जोशी यांच्या घरमालकासमोर सत्तर रुपयांचा विषय निघतो, तेव्हाही माने दुखवट्याला आलेल्या माणसाइतके गंभीर राहतात. प्रेक्षक हसतो तो त्या गांभीर्याला. समोरच्याला मोकळे मैदान देऊन आपण भिंतीसारखे उभे राहणे फार थोड्या नटांना जमते आणि ज्यांना जमते, त्यांचे कौतुक सहसा दुसऱ्याच्या वाट्याला जाते.

हा संयम त्यांच्याकडे पहिल्यापासून होता, असे म्हणणे मात्र अतिशयोक्तीचे होईल. दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार'मधला (१९७५) बेरकी सखाराम किंवा 'राम राम गंगाराम'मधला म्हमदू खाटिक या भूमिका ठसठशीत, मोठ्या आवाजाच्या आहेत. दादांसारख्या वादळासमोर टिकून राहायचे तर तसेच करणे भाग असावे. १९८२ च्या 'एक डाव भुताचा'मध्ये मात्र निराळीच चव आढळते. दिलीप प्रभावळकरांच्या भिडस्त मास्तरांना मदत करणारा खंडोजी फर्जंद हा शिवकालीन भाषा बोलणारे भूत म्हणून सहज भडक करता आला असता. सराफांनी त्याला एक रांगडी माया दिली, त्यामुळे त्या भुताची भीती वाटत नाही आणि त्याची टवाळीही करावीशी वाटत नाही.

माझ्या मते त्यांची सर्वोत्तम भूमिका 'चौकट राजा'तल्या गणाची. संजय सूरकर दिग्दर्शित या १९९१ च्या चित्रपटाचा विषय निघाला की प्रभावळकरांच्या मतिमंद नंदूची आठवण निघते आणि ते न्याय्यच आहे. पण नंदूची व्यथा आपल्यापर्यंत पोहोचते, ती बरीचशी गणामुळे. वस्तीतला हा शेजारी नंदूवर आणि त्याच्या आईवर उपकार केल्याचा आव एकदाही आणत नाही. तो नंदूशी जसा बोलतो तसाच इतर चारचौघांशी बोलतो, आणि एवढ्या एका गोष्टीतून नंदू प्रेक्षकाला माणूस म्हणून दिसू लागतो. येथे सराफांचा विनोद शाबूत आहे, शब्दफेकीची लय तीच आहे, फक्त हशा वसूल करण्याची घाई कुठे नाही. सुलभा देशपांडे आणि प्रभावळकर यांच्यासारख्या कसलेल्या कलावंतांच्या मध्ये उभे राहून आपली भूमिका मुद्दाम लहान ठेवणे, याला मी मोठा अभिनय समजतो.

पुढे पुरुषोत्तम बेर्डे यांचा, उत्तम बंडू तुपे यांच्या कादंबरीवर आधारलेला 'भस्म' आला, राजकारणावरचा 'वजीर' आला. या दोन्ही चित्रपटांत त्यांनी आपली हातखंडा हत्यारे बाजूला ठेवली. २००५ च्या 'एक उनाड दिवस'मध्ये घड्याळाच्या काट्यावर चालणारा विश्वास दाभोळकर त्यांनी उभा केला. गाडी बंद पडल्यामुळे एक दिवस मोकळा भटकणारा हा माणूस हळूहळू सैल होत जातो, तो आधी चालण्यातून आणि मग बोलण्यातून. ज्यांना अभिनय शिकायचा आहे त्यांनी हा क्रम पाहावा.

एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे. ऐंशी-नव्वदच्या दशकांत त्यांच्या नावावर बेतलेल्या कित्येक चित्रपटांत कथेचा पत्ता नव्हता आणि सराफांनी आपल्या लकबींवर वेळ मारून नेली. तो दोष निर्मात्यांचा अधिक, पण थोडा आपणा प्रेक्षकांचाही, कारण तिकिटे आपण काढली त्याच लकबींसाठी. हिंदीने तर 'हम पाँच' या दूरचित्रवाणी मालिकेतला पाच मुलींचा गांजलेला बाप वगळता त्यांना बव्हंशी मुनीम आणि हवालदार यांपलीकडे फारसे काही दिले नाही.

यासाठी आपणास एक विनंती आहे. 'बनवाबनवी' वाहिन्यांवर वारंवार लागतो, तो लागत राहो. परंतु 'भस्म' आणि 'वजीर' यांच्या चांगल्या प्रती आज कोणाकडे आहेत आणि त्या सामान्य प्रेक्षकाला मोठ्या पडद्यावर पाहता येतील का, याचा शोध आपल्या पुरवणीच्या चमूने घ्यावा आणि जे हाती लागेल ते छापावे. ज्या राज्य शासनाने त्यांना आपला सर्वोच्च सन्मान दिला, त्यालाही पुण्यातील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साहाय्याने त्यांच्या गंभीर भूमिकांचा एखादा आठवडा मुंबई-पुण्याबाहेर, म्हणजे नांदेड, जळगाव, सावंतवाडी अशा ठिकाणी भरवणे अवघड जाऊ नये. सराफ स्वतः आज कामात आहेत. अशा प्रयोगानंतर त्यांनीच प्रेक्षकांशी गणाविषयी दोन शब्द बोलावेत, अशी माझ्यासारख्या अनेकांची इच्छा आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक, दादर, मुंबई