पॉवर कंडिशनर घेण्याआधी अर्थिंग तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीला म्युझिक सिस्टीम घ्यायला गेलेल्या ग्राहकाला हल्ली दुकानदार हमखास पॉवर कंडिशनरही, म्हणजे भिंतीतली वीज गाळून उपकरणांना देणारे यंत्रही, सुचवतात. ‘आपल्याकडची लाइट खराब, त्याशिवाय आवाज खुलणार नाही’ हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यातला पहिला भाग अनेक गावांत खरा आहे. दुसरा मात्र तपासून घ्यावा असा आहे.

भिंतीतून येणारी २३० व्होल्टची, ५० हर्ट्झची वीज थेट स्पीकरपर्यंत जात नाही. ॲम्प्लिफायरमधील ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर आणि मोठे कपॅसिटर आधी तिचे डीसीत रूपांतर करतात आणि बराचसा कचरा तेथेच गाळला जातो. आजच्या पुष्कळ ॲक्टिव्ह, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असलेल्या, स्पीकरमध्ये तर १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालणारा एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा वीजपुरवठा) असतो. मागच्या पट्टीवर तसे छापलेले असते, ते वाचावे.

लोकांची तक्रार बहुधा घरघरीची असते. आमच्या एका परिचितांनी त्यासाठीच कंडिशनर आणला, तरी घरघर तशीच राहिली. शेवटी गाणे बंद ठेवून आवाज वाढवला, कान स्पीकरजवळ नेला आणि सेट टॉप बॉक्सच्या मागची केबल उपसली. त्याच क्षणी घरघर थांबली. केबलचे जाळीदार वेष्टण आणि घरातले अर्थिंग अशा दोन वाटांनी जमिनीशी जोडल्या गेलेल्या उपकरणांतून जो ५० हर्ट्झचा प्रवाह फिरत होता, त्याचा तो आवाज होता. टीव्हीचा आवाज ऑप्टिकल केबलने ॲम्प्लिफायरला दिल्यावर प्रश्न मिटला, कारण त्या केबलमधून प्रकाश जातो, वीज नाही. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, असे सांगणारे वायरमनही भेटतात. त्याने घरघर जाते हे खरे, पण उद्या आत काही बिघडले तर ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावरच करंट उतरेल.

पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर फिरवताच स्पीकरमध्ये करकर वाढत असेल, तर फिल्टरचा उपयोग होऊ शकतो, आणि साधा फिल्टर फारसा महागही नसतो. डीपीवर भार वाढून व्होल्टेज १८० पर्यंत उतरत असेल, तर ते काम स्टॅबिलायझरचे आहे. बहुतेक कंडिशनरमध्ये व्होल्टेज वाढवण्याची सोयच नसते. इन्व्हर्टरवर ॲम्प्लिफायर लावताच त्याचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणू लागला, तर इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखीच गुळगुळीत लहर देणारा, आहे का, ते आधी पाहावे.

खरी धास्ती वेगळीच आहे. तीन फेजच्या लाइनचा न्यूट्रल (विजेच्या परतीची तार) तुटला तर एकाच फेजवर असलेल्या घरात व्होल्टेज ४०० च्या आसपास जाऊ शकते. सर्ज प्रोटेक्टरमधील व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज शोषणारा भाग, क्षणभराच्या झटक्यासाठी बनवलेला असतो. असे व्होल्टेज टिकून राहिले तर तो स्वतःच जळतो. तेथे मर्यादा ओलांडताच पुरवठा तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले मुख्य बोर्डावर हवा. वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावेत. त्याला एक पैसाही लागत नाही.

माझी सूचना विक्रेत्यांसाठी आहे. हे यंत्र व्होल्टेज सुधारते, झटके अडवते की केवळ गोंगाट गाळते, आणि किती अँपिअर पेलते, हे त्यांनी बिलासोबत लेखी द्यावे. मोठा ॲम्प्लिफायर तोकड्या क्षमतेच्या कंडिशनरवर लावला तर आवाज खुलण्याऐवजी दबतो, हेही तेव्हाच सांगावे. ग्राहकाने ते आठ दिवसांच्या बोलीवर घरी न्यावे आणि ऐकणाऱ्याला न सांगता घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी ते जोडायला-काढायला लावून तेच गाणे पुन्हा पुन्हा ऐकावे. फरक ओळखता आला नाही, तर यंत्र परत घेऊन पूर्ण पैसे देण्याची अट पावतीवरच असावी.

आपला विश्वासू,
एक संगीतप्रेमी वाचक, सांगली