चर्चिल, गर्टन आणि तुझं एस.पी.

हॅरो, २८ सप्टेंबर

प्रिय सुमे,

गणपतीतले तुझे मिस्ड कॉल पाहिले आणि उत्तर दिलं नाही. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. दुसऱ्या कुणाला सांगायला जावं तर म्हणतील, लेक केंब्रिजला अर्ज करतेय आणि ही बया डोळ्यांतून पाणी काढतेय. इथे सगळे बरे. माझं बीपी गोळीवर, तिकडे पुण्यात अण्णांचा गुडघा होता तिथेच.

तर चिऊ. नॅचरल सायन्सेस हवंय, म्हणजे पहिल्या वर्षी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी सगळ्यांशी संसार, आणि मग एकीकडे वळायचं. असा एकत्र कोर्स ऑक्सफर्डला नाही, त्यामुळे ऑक्सफर्ड की केंब्रिज हे भांडण आपोआप मिटलं. तसंही एका वर्षी दोन्हीकडे अर्ज करता येत नाही. मला वाटलं सुटलो. कसलं काय! विद्यापीठ ठरलं की कॉलेज ठरवा. एकूण ३१. दोन फक्त पदवीनंतरच्यांसाठी, तीन एकविशीपुढच्यांसाठी, दोन फक्त मुलींची. लेक्चरं, लॅब, परीक्षा, पदवी विद्यापीठाची, फीसुद्धा सगळीकडे सारखीच. कॉलेज देणार खोली, जेवण आणि ती सुपरव्हिजन, म्हणजे दोघातिघांना समोर बसवून दर आठवड्याला पिळून काढतात ती. पण मेख अशी की मुलाखत कॉलेज घेतं आणि मुलगी घ्यायची की नाही तेही कॉलेजच ठरवतं.

झालं, घरात गोलमेज परिषद. अण्णा पुण्याहून व्हिडिओवर: सेंट जॉन्स! रँग्लर परांजपे तिथले, १८९९चे सीनियर रँग्लर, म्हणजे गणिताच्या परीक्षेत पहिले, मुर्डीचा मुलगा. दुसऱ्या दिवशी त्यांना नारळीकर आठवले, म्हणून फिट्झविल्यम. तिसऱ्या दिवशी सी. डी. देशमुख, जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकून माणूस रिझर्व्ह बँकेचा गव्हर्नर झाला, म्हणजे बघ! मी म्हटलं, अण्णा, केंब्रिजला गेलेल्या मराठी माणसांची यादी संपेपर्यंत ऑक्टोबर उलटेल. आमच्या साहेबांचं ट्रिनिटी. न्यूटन, रामानुजन, आणि एक्सेलमध्ये अर्ज किती, जागा किती, सगळं रंगवून तयार. जुलैत ओपन डेला गेलो तेव्हा ट्रिनिटीच्या दारावरच्या आठव्या हेन्रीच्या हातात राजदंडाऐवजी खुर्चीचा पाय आहे, तो मी त्यांना दाखवला. कुणा पोरांनी कधी काळी बदललेला, अजून तसाच. आपला पम्या असता तर त्यानेच केलं असतं.

मी मात्र स्वयंपाकघरं बघत फिरले. हसू नकोस. बऱ्याच जुन्या इमारतींत 'जिप रूम' नावाची खोपटी असते; सिंक, फ्रिज, मायक्रोवेव्ह, संपलं. चिऊ मूगडाळीच्या खिचडीशिवाय परीक्षा देत नाही, तिथे कुकर लावणार कशावर?

चिऊला आवडलं चर्चिल. १९६०चं, नुसतं काँक्रीट, मला तर जलसंपदा खात्याचं ऑफिस वाटलं. पण सत्तर टक्के मुलं विज्ञान-तंत्रज्ञानाची, भरपूर मोकळी जागा, कसला दिमाख नाही. तिथल्या हिरवळीवर फतकल मारून बसली आणि म्हणाली, आई, इथे मला प्रश्न विचारायला भीती नाही वाटणार. मी तिथेच गप्प झाले. अण्णांनाही गप्प केलं.

आणि आता गेल्या मंगळवारी जेवताना सांगते, मी गर्टन भरतेय.

का? तर तिची ती मैत्रीण, तुला फोटोत दाखवली होती ती उंच, तीही नॅचरल सायन्सेसच भरतेय. तिलाही चर्चिल. शाळेत कुणीतरी पिल्लू सोडलंय की एका शाळेतून, एका विषयाला, एका कॉलेजात दोघी गेल्या तर एकीचा पत्ता कट. अगं, असा काही कोटा नसतो! मी ओपन डेला विचारून आले होते. शिवाय 'पूल' नावाची सोय आहे. चांगली मुलं एका कॉलेजात जागेअभावी राहिली तर जानेवारीत बाकीची कॉलेजं त्यांचे अर्ज बघतात, दरवर्षी शेकडो मुलं त्यातून आत जातात. हे सगळं घडाघडा बोलले. ती शांतपणे भात कालवत म्हणाली, "माहितीये मला. पण एका यादीत आमची दोघींची नावं नकोत. तिला चर्चिल माझ्याआधी आवडलं होतं."

गर्टन वाईट नाही ग. उलट १८६९ साली मुलींसाठी निघालेलं, आणि पोरांपासून लांब असावं म्हणून मुद्दाम गावाबाहेर बांधलं. आता मुलगेही आहेत, अंतर मात्र तेवढंच. चारेक किलोमीटर सायकल, वारा समोरून. त्या बायकांनी पदवीसाठी १९४८पर्यंत वाट पाहिली, हे ऐकल्यापासून चिऊ म्हणते, मग मी सायकल नाही मारू शकत? याला काय उत्तर देणार!

मला राग कशाचा येतोय तेच कळत नाही. सोडून द्यायचं ते इतकं सहज? की मैत्रिणीला सांगितलंसुद्धा नाही, याचा? तिला वाटतंय चिऊला गर्टनच हवं होतं. इथे मला तू आठवलीस, बाई. १९९४, फर्ग्युसनची यादी, दोघींची नावं एकाखाली एक, आणि चार दिवसांनी तू एस.पी. कॉलेजात. "घराजवळ आहे." सदाशिव पेठेतून फर्ग्युसन काय विलायतेत होतं? दोन वर्षं मी वैशाली हॉटेलात कुणाबरोबर बसायचं, याचा विचार केलास? नंदूच्या लग्नात विचारलं तेव्हा जिलबी पुढे केलीस. तेव्हा मला पहिला नंबर येण्याचं वेड होतं, हे मला आठवत नाही असं समजू नकोस.

तुझं रिडेव्हलपमेंट कुठवर आलं? बिल्डरने भाडं द्यायला सुरुवात केली का? आईंची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नीट झाली, हे ताईकडून कळलं. बरं वाटलं.

एक काम कर. अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर, शाळेला आठवडाभर आधी हवाय, आणि माझं ती ऐकत नाही. शनिवारी तुमच्या रात्री नऊला फोन लाव, इथे साडेचार वाजलेले असतील, ती घरी असते. चर्चिलच घे असं सांगू नकोस. एस.पी. का घेतलंस ते तिला सांग. मी तेवढा वेळ बाहेर दुकानात जाईन. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

गोडा मसाला संपलाय. कुणी येणार असेल तर पाठव, पण मागच्या वेळसारखा वर्तमानपत्रात गुंडाळून नको. सूटकेसमधल्या सगळ्या साड्यांना महिनाभर दगडफुलाचा वास येत होता.

तुझीच,
मंजू