तुझं चकचकीत झाकण

पुणे,
रविवार

प्रिय बाळ्या,

दिवे घाटात माझ्या मॉरिस मोटारीनं तिसऱ्यांदा मान टाकली आणि एकदाचा चोर सापडला. चोर तू आहेस. रागावू नकोस, आधी वाच.

1936 ची ही म्हातारी सपाटीवर अजून गुणी आहे. चढ लागला की मात्र जीव जायचा, मागे काळा धूर. मी सवयीनं ठिणगीचे भाग धरले: पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, मग कॉइल. दोन रविवार गेले. प्लग काजळीनं काळेकुट्ट निघाले, तेव्हाच कळायला हवं होतं की ठिणगीचं दुखणं नाही, पेट्रोल जास्त जातंय.

मग एसयू कार्ब्युरेटरकडे वळलो, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाकडे. हवेच्या ओढीनं वरखाली होणारा त्यातला पिस्टन हवेच्या तोंडातून बोटानं उचलला आणि सोडला. खाली बसताना ‘टक्’ व्हायला हवं. हा अर्ध्यातच अडकला. पहिला संशय पिस्टनखालच्या सुईवर. ती पेट्रोलच्या नळीत, म्हणजे जेटमध्ये, उतरते आणि जेट जरा सरकला तरी त्याला घासते. चोक पूर्ण ओढून जेट खाली घेतला. तरीही टक् नाही, म्हणजे सुई निर्दोष.

शेवटी पिस्टनवरचं झाकण उतरवलं, सुई काढून ठेवली, दोन्ही भाग पेट्रोलनं धुतले आणि पिस्टन झाकणात घालून हातानं फिरवला. छान फिरत होता, आणि एका जागी खर्र! उन्हात धरला तर कडेला नखाएवढा चकचकीत ओरखडा. अरे, ती कड झाकणाला लागायचीच नसते. पिस्टन मधल्या दांडीवर तोललेला, भोवती केसाएवढी फट, त्या फटीवर सगळा खेळ. म्हणून पिस्टन आणि झाकण जोडीनंच येतात. आणि मी शहाणा, तू भंगारातून आणलेलं ते आरशासारखं झाकण दिवाळीत हौसेनं चढवून बसलो!

शेजारचे म्हणाले, ‘पॉलिश पेपर मारा, सुटेल.’ त्यांना चहा पाजून घरी पाठवलं. फट वाढली की कायमची वाढली, ती भरून कोण देणार?

जुनं डागाळलेलं झाकण माळ्यावरच्या खोक्यात होतं. धुतलं, दांडीवर पातळ तेलाचे दोन थेंब सोडले (कडेला अजिबात नाही, तिथे धूळ धरते), बसवलं. टक्! नातू म्हणाला, आजोबा, परत करा. दहा वेळा केलं.

गंमत म्हणजे हा कार्ब्युरेटर पहिल्यांदा बनवणारे स्किनर बुटांच्या धंद्यातल्या घरातले. 1905 च्या सुमारास त्यांनी आत पिस्टनऐवजी चामड्याचा भाता घातला होता. मॉरिस गाड्यांच्या मालकानं त्यांची कंपनी घेतली 1926 मध्ये, तोवर भाता गेला होता. तो असता तर तुझं झाकणही खपून गेलं असतं!

काल म्हातारी घाट एका दमात चढली. झाकण कुरियरनं पाठवतोय. त्याच्या जोडीचा पिस्टन त्या भंगारवाल्याकडेच पडला असेल, भट्टीत जायच्या आत गाठ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विन्या