कवड्यांची नावं बदला, पण जुन्या चिठ्ठ्या ठेवा

महोदय,
स. न. वि. वि.

सुट्टी लागली की महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत साफसफाई निघते. यंदा शहरातल्या एका महाविद्यालयात कवड्यांच्या ट्रेमधल्या जुन्या चिठ्ठ्या ‘नावं कालबाह्य’ म्हणून रद्दीत गेल्या आणि जागेवर नुसतं नवं नाव छापलेले कागद आले. प्रयोगशाळा सहायक म्हणून माझी सारी नोकरी अशाच कपाटांजवळ गेली, त्यामुळे राहवत नाही.

नावं बदलली हे खरंच. लिनियसने १७५८ मध्ये झाडून साऱ्या कवड्या ‘सायप्रिया’ या एकाच जीनसमध्ये, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटात, घातल्या होत्या. पुढे आतल्या प्राण्याची दातपट्टी (खाणं खरवडणारी दातेरी जीभ), कवचावर पसरून त्याला चकाकी देणारं प्रावरण आणि अलीकडे डीएनए पाहिला गेला, तेव्हा त्या एका जीनसच्या कितीतरी झाल्या. आज हयात जातींपैकी ‘सायप्रिया’त दोनच उरल्यात: मोठी ठिपकेदार टायग्रिस आणि तांबड्या समुद्राकडची पँथरिना. आई भवानीच्या माळेतली, एकेकाळी पैसा म्हणून चाललेली कवडी आता ‘मोनेटारिया मोनेटा’ झाली. विद्यार्थ्यांना हे शिकवायलाच हवं.

पण चिठ्ठीवर नावाखेरीज ‘हाजी अली, उधाणाची ओहोटी, दगडाखाली’ असं लिहिलेलं असतं, खाली तारीख असते. त्या बाजूला आता सागरी मार्गाचा भराव पडलाय. तिथे कोणती कवडी राहत होती, हे सांगणारा दुसरा कागद कुठून आणणार? कोवळ्या कवडीचं तर विचारूच नका. कवच पातळ, ओठ उघडा, तोंडाच्या कडेच्या दातांचा पत्ता नाही. कवडी म्हणून ओळखूच येत नाही. त्याच दगडाखाली मोठी सापडल्याची नोंद असली, तर निदान कुठून शोध घ्यायचा ते कळतं.

विभागप्रमुखांना हात जोडून विनंती, की जुनी चिठ्ठी त्याच डबीत राहू द्या. नवं नाव वेगळ्या चिठ्ठीवर, ते कोणी आणि कधी ठरवलं यासह, शेजारी ठेवा. जिथे रद्दी अजून गेली नसेल, तिथे ती आधी उपसून काढा. बहुतेक जुन्या कवड्यांच्या तोंडाशी बारीक शाईने क्रमांक घातलेला असतो. भिंग लावून तो वाचावा, नोंदवहीशी ताडावा. चिठ्ठी कुठल्या डबीतली ते अजूनही जुळवता येईल.

आपला,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक, दादर