स्टार वॉर्सचा शेवट : पॅल्पटीन नको होता, लिया हवी होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्टार वॉर्स : द राइज ऑफ स्कायवॉकर’ या सिनेमावर तुमच्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. लेखकाने दोन स्टार दिलेत त्याबद्दल माझं भांडण नाही, सिनेमात खोट आहे आणि ती मी पण खाली सांगणार आहे. पण शेवटी असं लिहिलंय की जुन्या चाहत्यांपुढे काहीही ठेवलं तरी ते टाळ्या वाजवतात, ते अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र लिहायला बसलो. उलट यावेळी सगळ्यात जास्त चिडलेत ते जुने चाहते आणि डोळ्यांना रुमाल लावलाय तोही त्यांनीच, एकाच शोमध्ये. ज्यांचा सिनेमा बघायचा राहिलाय त्यांनी इथेच थांबा, पुढे सगळी गोष्ट फुटणार आहे.

मी डोंबिवलीत वाढलो, मराठी माध्यमात शिकलो, व्हीसीआर भाड्याने आणून रात्रभर पिक्चर बघायचे त्या काळात १९७७ चा पहिला भाग कॅसेटवर पाहिला. संवाद अर्धेही कळले नव्हते पण काळ्या मुखवट्यातला खलनायक डार्थ व्हेडर धुरातून आत येतो आणि तो श्वास ऐकू येतो, ते कळायला इंग्रजी लागत नाही. (बेन बर्ट नावाच्या साउंड डिझायनरने स्क्युबा डायव्हिंगच्या उपकरणातून श्वास घेऊन तो आवाज रेकॉर्ड केला होता, हे पुढे कधीतरी वाचलं आणि अजून भारी वाटलं.) मग १९८० चा, १९८३ चा, कॉलेजात असताना १९९९ चा आणि त्याच्या नंतरचे दोन, मग २०१५ पासूनचे नवे, असे नऊच्या नऊ पाहिलेत. तेव्हा शेवटच्या भागाबद्दल दोन शब्द बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

आधी राग सांगतो. १९८३ च्या भागाच्या शेवटी व्हेडरचा मालक सम्राट पॅल्पटीन व्हेडरच्या पोराला, ल्यूकला, विजेच्या झटक्यांनी मारत असतो आणि व्हेडर बाजूला उभा राहून बघत असतो, एकदा मालकाकडे बघतो, एकदा पोराकडे. मुखवट्यामुळे चेहरा दिसत नाही तरी आत काय चाललंय ते कळतं. मग तो पॅल्पटीनला उचलतो आणि खाली खोल खड्ड्यात फेकून देतो, त्यात स्वतःही जिवाला मुकतो. सहा सिनेमांची गोष्ट या एका कृतीवर उभी आहे, जन्मभर वाईट वागलेल्या बापाने शेवटच्या घटकेला पोराला वाचवलं. आणि २०१९ मध्ये काय, तर सुरुवातीच्या पिवळ्या अक्षरांतच सांगून टाकतात की पॅल्पटीन जिवंत आहे! कसा काय, कोणी वाचवला, याचं उत्तर क्लोनिंगबिनिंगचा ओझरता उल्लेख करून उरकलंय आणि एक पात्र तर सरळ म्हणतं की तो परत आला बुवा कसातरी. मग व्हेडर मेला तो कशासाठी? मी सिनेमा हॉलमध्ये बसून हेच विचारत होतो, पुढची पंधरा मिनिटं पडद्यावर काय झालं ते नीट लक्षातही नाही.

आणि एकदा मरणाची किंमत गेली की मग ती सगळीकडेच जाते. चुबाका, तो जुना केसाळ सोबती, ज्या यानात असतो ते नव्या भागांची नायिका रे हिच्या हातून फुटतं, आपल्या काळजाचं पाणी होतं, आणि लगेच पुढे कळतं की तो दुसऱ्याच यानात होता. थ्रीपीओ या यंत्रमानवाच्या मेमरीत एक निषिद्ध भाषा आहे, ती वाचायची तर त्याची सगळी स्मृती पुसावी लागणार, तो तयार होतो आणि आधी एकदा सगळ्यांकडे वळून बघतो, मित्रांना शेवटचं बघून घेतोय म्हणतो. अँथनी डॅनियल्सने नऊही भागांत हा यंत्रमानव केलाय, इतक्या वर्षांत त्याच्या वाट्याला आलेला सगळ्यात सुंदर क्षण आहे हा. पण थोड्या वेळाने त्याचा जोडीदार यंत्रमानव आर-टू याच्याकडचा बॅकअप घालून त्याची मेमरी परत! रे स्वतः मरते, तीही परत येते. प्रेक्षकाला धक्का द्यायचा आणि तो दुखायच्या आत काढून घ्यायचा असं सिनेमाभर चाललंय, कोणाला काही गमवावं लागू नये याची एवढी धास्ती कशाला घेतली कळत नाही.

दुसरा राग रेच्या घराण्याचा. २०१७ च्या भागात दिग्दर्शक रायन जॉन्सनने सांगितलं होतं की रे कोणाचीच कोणी नाही, तिचे आईबाप साधे भंगार गोळा करणारे, दारूसाठी पोरीला विकणारे. मला ते फार आवडलं होतं. मोठ्या घरात जन्म न घेता पण हातात लाइटसेबर, म्हणजे ती प्रकाशाची तलवार, येऊ शकतं, हे आमच्यासारख्या कोणीच नसलेल्या लोकांना सांगणारा तो सिनेमा होता. तो अर्ध्या चाहत्यांना आवडला नाही, नेटवर नुसता धुरळा उडाला, आणि आता म्हणे रे पॅल्पटीनची नात. शेवटी ती स्वतःला स्कायवॉकर म्हणवते, रक्तापेक्षा माणूस काय निवडतो ते महत्त्वाचं असं सांगायचंय हे मला समजतं, पण त्यासाठी आधी तिला कुळ चिकटवायची गरज नव्हती. आणि २०१७ च्या भागातली ती रोझ! तिचं काम करणाऱ्या केली मरी ट्रॅन या अभिनेत्रीला २०१७ च्या भागानंतर लोकांनी इतका त्रास दिला की तिने इन्स्टाग्रामवरच्या सगळ्या पोस्ट काढून टाकल्या, आणि पुढच्या सिनेमात तिला काम किती, तर आली कधी गेली कधी पत्ता लागत नाही. कोणी काय ठरवून केलं ते त्यांचं त्यांना माहीत, पण बघणाऱ्याला हे त्रास देणाऱ्यांपुढे मान तुकवल्यासारखंच दिसतं आणि ते मला फार लागलं.

याचं मूळ कारण मला असं दिसतं की या तीन भागांची गोष्ट आधी कोणी एकाने बसून ठरवलीच नव्हती. डिस्नेने २०१२ मध्ये स्टार वॉर्स काढणारी लुकासफिल्म कंपनी ४०० कोटी डॉलरला घेतली, २०१५ चा भाग जे. जे. अब्राम्सने केला, मधला जॉन्सनने, शेवटचा कॉलिन ट्रेव्होरो करणार होता तो २०१७ च्या सप्टेंबरात बाहेर पडला आणि अब्राम्सला परत बोलावलं. एका बुवांनी पूर्वरंग लावला, दुसऱ्यांनी येऊन आख्यानच बदललं आणि पहिले बुवा परत येऊन म्हणाले मधलं विसरा, असं झालं तर श्रोत्याने भाव ठेवायचा कुठे? जॉर्ज लुकासच्या १९९९ ते २००५ च्या तीन सिनेमांना मीही तेव्हा खूप नावं ठेवली, त्यातले संवाद आजही लाकडी वाटतात, पण माणूस एक होता आणि त्याला कुठे जायचंय ते त्याला ठाऊक होतं हे आता जाणवतं.

एवढं सगळं असून मी हा सिनेमा पुन्हा जाऊन बघितला, त्याचं कारण लिया.

पहिल्या भागापासून लियाचं काम करणाऱ्या कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ ला गेल्या. शेवटच्या भागात लियाची भूमिका मोठी असणार होती आणि तीच नाही. त्याच महिन्यात आलेल्या ‘रोग वन’ या स्टार वॉर्सच्याच जोडसिनेमात १९९४ ला वारलेल्या पीटर कुशिंगचा चेहरा कॉम्प्युटरवर बनवून दुसऱ्या नटावर बसवला होता, तरुण लियाही तशीच केली होती, त्यामुळे आता पण तेच करतील अशी सगळ्यांना भीती होती. यांनी तसं केलं नाही. २०१५ च्या भागासाठी शूट केलेले पण न वापरलेले तिचे शॉट्स काढले आणि तिच्या तोंडी जी वाक्यं आधीच होती त्यांच्या भोवती नवे सीन लिहिले. केस, कपडे, मागचं दृश्य बदललंय, पण चेहरा तिचा आहे, आवाज तिचा आहे. नीट बघितलं तर कळतं, ती जे बोलते ते थोडं मोघम असतं, रे जरा जास्त बोलते आणि लिया कमी, समोरच्याला उत्तरं तिच्या वाक्याप्रमाणे द्यावी लागतात. समीक्षकाला यात शिवण दिसेल, मला त्यात माया दिसली. फक्त एक जुनी आठवण दाखवताना तरुण लियाचा चेहरा कॉम्प्युटरने केलाय, पण तिथेही अंग तिच्या मुलीचं, बिली लूर्डचं आहे.

मग लिया जाते. चुबाकाला ते कळतं आणि तो एवढा मोठा जीव गुडघ्यावर पडून हंबरडा फोडतो. हे चुबाकाचं काम करणारा नट नवा आहे, मूळचे पीटर मेह्यू २०१९ च्या एप्रिलमध्ये वारले. पडद्यावर कोण कोणासाठी रडतंय आणि आपण कोणासाठी, ते त्या क्षणी वेगळं काढता येत नाही. ज्या सिनेमात सगळे मेलेले परत येतात तिथे ही एक जण येणार नाही हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत असतं.

आणि त्यानंतर लियाचा नवरा हॅन सोलो येतो. लाटा उसळताहेत, डेथ स्टार या सम्राटाच्या जुन्या अवकाशतळाच्या सांगाड्यावर त्यांचा पोरगा बेन एकटा उभा आहे आणि मागून बापाचा आवाज. २०१५ मध्ये या पोराने याच बापाला पुलावर मारलं होतं, त्यावेळचीच वाक्यं दोघं परत बोलतात, फक्त यावेळी पोरगा लाइटसेबर समुद्रात फेकतो. त्याला डॅड एवढंच म्हणता येतं, पुढचं तोंडातून फुटत नाही आणि बाप म्हणतो, माहितीय मला. १९८० च्या भागात लिया प्रेमाची कबुली देते तेव्हा हॅनने हेच उत्तर दिलं होतं. आणि महत्त्वाचं म्हणजे हा हॅन भूत नाही, क्लोन नाही, तू नुसती आठवण आहेस असं बेनच सांगतो. मेलेल्या माणसाला गोष्टीत परत आणायचा खरा मार्ग अब्राम्सला माहीत होता आणि त्याने इथे तो इतका छान वापरलाय, म्हणून तर पॅल्पटीनचं जास्त दुखतं.

तेव्हा स्टार किती द्यायचे ते तुमच्या लेखकांनी ठरवावं, मला देता येत नाहीत. एक विनंती मात्र आहे. सबंध लेखात जॉन विल्यम्स यांचं नाव एकदाही नाही. १९७७ पासून २०१९ पर्यंत नऊही भागांचं संगीत या एका माणसाने केलंय, दिग्दर्शक बदलले, मालक बदलले, संगीतकार बदलला नाही. हा भाग आला तेव्हा वय ८७, पहिल्या भागासाठी ऑस्कर मिळालं होतं आणि २०२० मध्ये या शेवटच्या भागासाठी परत नामांकन मिळालं, सिनेमात एका बारमध्ये ते स्वतः क्षणभर दिसतातही. एखाद्या रविवारी पुरवणीचं एक पान त्यांच्यावर काढा, आणि लिहायला असा कोणी घ्या ज्याने नऊही भाग बघितलेत.

आपला,
एक जुना वाचक,
ठाणे (प.)